जहाजावर साडेअकराला चढावं की अडीचला?

क्रूझचं तिकीट काढून झालं, खिडकीची खोली की बाल्कनीची यावर घरात दोन रात्री खल झाला, पोहण्याचे कपडे न्यायचे की नाही तेही ठरलं, की शेवटी एक किरकोळ वाटणारा प्रश्न उरतो. वेब चेक-इन करताना पडद्यावर वेळांची उतरंड दिसते. साडेअकरा, बारा, साडेबारा असं करत पार साडेतीनपर्यंत. सुटण्याच्या दिवशी बंदरावर यापैकी कधी हजर व्हायचं ते आपणच निवडायचं. बहुतेक जण डोळे मिटून सगळ्यात वरची वेळ घेतात. पहिल्या खेपेला मीही तीच घेतली होती.

माझ्या सफरी मोजून तीन. मुंबईहून गोवा, मुंबईहून लक्षद्वीप आणि एक सिंगापूरहून. त्यामुळे हे जाणकाराचं मत वगैरे समजू नका. पण तिन्ही वेळा मी वेगवेगळ्या वेळी चढलो. एकदा हौसेने, एकदा नाइलाजाने आणि एकदा थोडं शहाणं होऊन. तेवढ्या भांडवलावर हे लिहितोय.

आधी आपल्या घाईबद्दल. माझ्या पिढीला जागा धरण्याची सवय एसटीने लावली. गाडी फलाटाला लागते न लागते तोच खिडकीतून रुमाल, टोपी, प्रसंगी धाकटा भाऊ आत टाकायचा. माझी आई मालवणची. तिच्या लहानपणी मुंबईहून गावी जायचं ते कोकणच्या बोटीने. भाऊच्या धक्क्यावर बोटीत शिरायला मिळालं की डेकवर वळकटी पसरायला पळापळ व्हायची. जो आधी पोचेल त्याला इंजिनाच्या धगीपासून आणि संडासाच्या वाऱ्यापासून लांबची जागा. मागून येणाऱ्याने रात्रभर गुडघे पोटाशी घेऊन बसायचं. तिथे लवकर जाण्याला अर्थ होता. क्रूझवर खोली आपल्या नावावर असते, तिथे कोणी रुमाल टाकत नाही. ही गोष्ट डोक्याला कळते, पायांना कळत नाही.

तरीही लवकर जाणाऱ्यांची बाजू कच्ची नाही. न्यू जर्सीत राहणारा माझा भाचा पक्का पहिल्या वेळेचा माणूस आहे. बेयॉनच्या केप लिबर्टी बंदरातून तो दोन मुलांना घेऊन निघतो आणि दार उघडायच्या आधी दारात उभा असतो. “मामा, पहिल्या दुपारचे पैसेही आपण भरलेलेच असतात,” असं तो म्हणतो, आणि त्यात खोट काढता येत नाही. दुपारचं जेवण भाड्यात धरलेलं असतं. दीड-दोनपर्यंत पोहण्याचा तलाव जवळपास रिकामा. पाण्याच्या घसरगुंडीला रांग नाही. संध्याकाळच्या खेळाची किंवा वेगळे पैसे देऊन जेवायच्या रेस्टॉरंटची जागा हवी असेल तर ती पटकन मिळते. तिकडच्या मोठ्या जहाजांवर याला फारच महत्त्व. ‘आयकॉन ऑफ द सीज’ हे जानेवारी २०२४ मध्ये मायामीहून प्रवासाला निघालेलं जहाज खोलीत दोघं या हिशेबानेसुद्धा ५,६१० प्रवासी घेतं. म्हणजे एखादं तालुक्याचं अख्खं गाव एका दुपारी जिने चढून आत जातं. अशा ठिकाणी भाचा म्हणतो तेच बरोबर असावं. आणि त्याची मुलं आठ आणि अकरा वर्षांची आहेत. माझे गुडघे बासष्ट वर्षांचे.

आता साडेअकराला चढल्यावर काय होतं ते सांगतो.

हे समजायला जहाजाचा दिवस कसा जातो ते बघावं लागतं. पुष्कळ क्रूझ जहाजं ज्या सकाळी बंदराला लागतात त्याच संध्याकाळी पुन्हा सुटतात. सकाळी नऊ-साडेनऊपर्यंत जुने प्रवासी खाली, आणि अकरा-साडेअकराला नवे आत. मधल्या दोन तासांत शेकडो खोल्यांच्या चादरी बदलायच्या, न्हाणीघरं घासायची, खालच्या मजल्यावरून दूध, भाज्या, अंडी चढवायची, लोकांच्या बॅगा उतरवायच्या आणि नव्या घ्यायच्या. खोल्या तयार व्हायला दोन वाजतात. कधी दीड, कधी अडीच. म्हणजे साडेअकराची वेळ घेणाऱ्याला जहाज मिळतं, पण खोली मिळत नाही. हे कोणी लपवून ठेवत नाही. कळवलेलं असतं, फक्त आपण ते वाचून सोडून देतो.

मोठ्या बॅगा बंदरावरच पट्ट्या लावून हमालांकडे द्यायच्या असतात. त्या संध्याकाळपर्यंत खोलीच्या दाराशी येतात. पण एक बॅग अशी असते जी देता येत नाही. आमच्या त्या बॅगेत हिचं इन्सुलिन बर्फाच्या छोट्या पाकिटासकट, माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या, दोघांची ओळखपत्रं, दोन चष्मे, चार्जर, एक शाल, खाकऱ्याचं पाकीट आणि हिचं विणकाम होतं. पाच-सहा किलो असेल. चाकं नव्हती, खांद्याला अडकवायची होती.

माझ्या निवृत्तीनंतरची ती पहिली सफर. जहाजाचं नाव सांगत नाही, कारण यात त्याचा काही खास दोष नव्हता. पावणेअकराला बंदरावर पोचलो. आमच्यासारखे दोनशे उत्साही जीव आधीच उन्हात उभे. सुरक्षा तपासणी, ओळखपत्रं, फोटो, पुन्हा रांग, मग एका दालनात बसून आपल्या गटाचा पुकारा होण्याची वाट बघणं. बारा वीसला जहाजावर पाऊल ठेवलं. खोल्यांच्या मार्गिकेला आडवी दोरी बांधलेली. “दोननंतर, सर,” असं हसून सांगण्यात आलं आणि बोट वरच्या मजल्याकडे दाखवलं गेलं. तिथे बुफे.

बुफेत माणसांपेक्षा बॅगा जास्त होत्या. निम्म्या खुर्च्यांवर माणसं आणि उरलेल्या निम्म्यांवर त्यांच्या बॅगा. सरबताच्या यंत्राला चिकटून दोन खुर्च्यांचं एक टेबल मिळालं. आता दोघांनी एकदम उठलं तर टेबल जाणार, आणि बॅग तिथे ठेवून उठायची कोणाची हिंमत? इन्सुलिन आत, आधार कार्डं आत. म्हणून ही आधी गेली, मी राखणीला बसलो. ती ताट घेऊन आली, मग मी गेलो. रांगेतून वाट काढत मी परत येईपर्यंत तिचा भात संपला होता आणि ती टेबल टिपायच्या कागदाची घडी घालत बसली होती. मी जेवत असताना तिने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, “अहो, कल्याणच्या फलाटावर जेवल्यासारखं वाटतंय.”

जेवण चांगलं होतं, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पनीर बरं होतं, जिलेबी गरम होती.

पण एक वाजला, आणि आमच्यासारख्या माणसांना एक वाजला की पाठ टेकायची असते. पुणेकरांच्या एक ते चारवर तुम्ही खुशाल हसा. हिला मधुमेह आहे, पहाटे साडेचारला उठलो होतो आणि जेवण झालं होतं. तलावाकाठच्या आरामखुर्च्या भरलेल्या. शेजारी गाणी लावणारा पोरगा दणक्यात सुरू झालेला. शेवटी एका खांबाजवळ कोचाची कड मिळाली. हिने बॅगेचा पट्टा मनगटाला दोन वेढे देऊन गुंडाळला, रेल्वेच्या प्रवासात गुंडाळतात तसा, आणि खांबाला डोकं टेकून झोपली. दोन वाजून दहा मिनिटांनी खोल्या उघडल्याची घोषणा झाली तेव्हा तिच्या मनगटावर पट्ट्याचा लाल वळ उठला होता. घोषणा होताच सगळं जहाज एकदम उठलं आणि लिफ्टपुढे आलं. चौथी लिफ्ट मिळाली. खोलीत पोचायला पावणेतीन वाजले.

त्या वळावरच माझा निर्णय झाला, म्हटलं तरी चालेल. पहिल्या वेळेचा फायदा म्हणून जे तीन तास मिळाले होते ते आम्ही एका बॅगेचे पहारेकरी म्हणून काढले. तलाव रिकामा होता, पण पोहण्याचे कपडे मोठ्या बॅगेत आणि मोठी बॅग जहाजाच्या पोटात कुठेतरी. जहाज हिंडून बघायचं तर खांद्याला सहा किलो. आणि गंमत अशी की आम्ही आडवे झालो न झालो तोच शेजारच्या खोलीत एक जोडपं शिरलं. आरामात घरून जेवून, अडीचला बंदरावर आलेलं. आमच्या फार तर अर्धा तास मागे.

मोठी बॅग लवकर दिली म्हणून लवकर येते, हाही एक गैरसमज. त्या दिवशी अकराला दिलेली आमची बॅग संध्याकाळी सातला आली. सिंगापूरला अडीचला दिलेली साडेपाचला दाराशी होती. हा काही नियम नाही, जाळीच्या पिंजऱ्यांत कुठली बॅग तळाला जाते यावर ते असावं. माझ्या मेहुण्याची एकदा रात्री दहापर्यंत आलीच नाही. त्याने आत चहाची इलेक्ट्रिक किटली ठेवली होती. इस्त्री, किटली असली तापणारी उपकरणं आगीच्या भीतीने जहाजावर चालत नाहीत, आणि एक्स-रेत दिसली की बॅग बाजूला काढून मालकाला बोलावतात. सकाळचा पहिला चहा खोलीतच आणि आपल्या हातचा हवा, ही त्याची हौस. तेव्हा किटली घरी ठेवा, वेळ कुठलीही घ्या.

दुसऱ्या खेपेला मी दुसऱ्या टोकाला गेलो. खरं तर अडीचलाच पोचायचं होतं. पुण्याहून सकाळी नऊला मोटारीने निघालो, हिशेब साधा होता. द्रुतगती मार्गावरून अटल सेतू, शिवडीला उतरून पूर्व मुक्त मार्ग, ऑरेंज गेटला खाली आलं की पी. डिमेलो रोडने बंदराचं ग्रीन गेट. घाटात एक ट्रेलर आडवा झाला आणि हिशेब तिथेच संपला. ग्रीन गेटला पोचलो तेव्हा चारला दहा मिनिटं होती. जहाज साडेपाचला सुटणार होतं आणि चेक-इन चारला बंद.

एक कबूल करतो, रांग म्हणून नव्हतीच. काउंटरवरची मुलगी आमचीच वाट बघत असल्यासारखी बसली होती. बारा मिनिटांत आत. ज्यांना रांगेचा तिटकारा आहे त्यांना हा प्रकार मोहात पाडेल. पण त्या बारा मिनिटांआधीचे तीन तास मी गाडीत कसे काढले ते मला माहीत. जहाज म्हणजे एसटी नव्हे, हात दाखवून थांबत नाही. सुटण्याआधी प्रवाशांची यादी बंद करून अधिकाऱ्यांकडे जावी लागते. अमेरिकेत तर ती सुटण्याच्या किमान साठ मिनिटं आधी द्यावी लागते, त्यामुळे जहाज समोर दिसत असूनही आत घेता येत नाही. जहाज अजून धक्क्याला लागलेलं असताना काचेच्या या बाजूला राहिलेल्या माणसांच्या कहाण्या भाच्याने मला सांगितल्या आहेत.

आत गेलो तर बुफे आवरला होता, आणि लगेच सराव. सात लहान भोंगे आणि एक लांब. सगळ्यांनी आपापल्या ठरलेल्या जागी जमायचं, लाइफ जॅकेट कसं बांधायचं ते बघायचं. काही जण या सरावाला वैतागतात. मी वैतागत नाही. १३ जानेवारी २०१२ च्या रात्री इटलीत ‘कोस्टा कॉनकॉर्डिया’ जहाज गिलिओ बेटाजवळ खडकावर आदळलं आणि ३२ माणसं गेली. त्याच संध्याकाळी चिविताव्हेकिया बंदरात चढलेल्या सहाशेहून अधिक प्रवाशांचा सराव झालेलाच नव्हता, तो दुसऱ्या दिवशी व्हायचा होता. तेव्हाच्या नियमात चोवीस तासांची मुभा होती. १ जानेवारी २०१५ पासून सराव सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी घ्यावा लागतो. म्हणजे उशिरा चढणाऱ्याचा पहिला तास यातच जातो. कोविडनंतर बऱ्याच मोठ्या जहाजांवर फोनवर चित्रफीत बघून, आपल्या जागेवर एकदा जाऊन नोंद करून येण्याची सोय झाली आहे. तिथे लवकर आलेल्याला हे काम आपल्या सवडीने उरकता येतं. हा गुण मी पहिल्या वेळेच्या पदरात टाकतो.

उपाशीपोटी, घामाने भिजलेल्या शर्टात, एका बाजूला सुरतेचं कुटुंब आणि दुसऱ्या बाजूला गप्प बसलेली बायको, असा तो सराव आम्ही केला. जहाज हललं, उजव्या हाताला गेटवे आणि ताज मागे सरकले, कुलाबा संपला. लोक फोटो काढत होते. खांदेरीचा दिवा डाव्या हाताला दिसेपर्यंत ही माझ्याशी एक शब्द बोलली नाही.

तेव्हा उशिरा म्हणजे शेवटी नव्हे. शेवटच्या तासाची शिफारस मी कोणालाच करणार नाही, बंदरासमोर राहणाऱ्यालाही नाही.

सिंगापूरला मात्र जमलं. विमानाने आदल्या दिवशीच पोचलो होतो. परदेशातून जहाज पकडायचं असेल तर त्याच दिवशीच्या विमानावर भिस्त ठेवू नये, याबाबत भाचा आणि मी एकमताचे आहोत. वेळ अडीचची घेतली. सकाळी हॉटेलची खोली बारापर्यंत आपलीच होती, म्हणजे दहाला परत एक डुलकीही झाली. लिटल इंडियात डोसा खाल्ला. तिथून मेट्रोने एक स्टेशन, धोबी घाटला गाडी बदलून लाल मार्गाने थेट शेवटचं स्टेशन, मरिना साउथ पिअर. क्रूझ सेंटर तिथून चालत. (सिंगापूरला धोबी घाट आहे याचा हिला अतोनात आनंद झाला.) आत दालनात रांग होती, पण चालती. सकाळचा लोंढा ओसरला होता आणि शेवटच्या क्षणी धावत येणारे अजून यायचे होते. मुंबईतही दोन ते तीनच्या दरम्यान असाच एक संथ पट्टा असतो असं काही ओळखीच्यांनी सांगितलं. मी मोजदाद केलेली नाही.

सव्वातीनला जहाजावर, आणि लिफ्टने सरळ आपल्या खोलीच्या दाराशी. बॅग पलंगावर टाकली. इन्सुलिन खोलीतल्या छोट्या फ्रिजमध्ये गेलं. हिने चपला काढल्या, पाय वर घेतले आणि म्हणाली, “आता सांगा, कुठे काय बघायचंय?” मग झोपलीच, पण तो मुद्दा वेगळा.

तोटे? आहेत ना. बुफे आवरायला लागले होते, पण डोसा पोटात होता. दुसऱ्या रात्रीच्या खेळाची चांगल्या वेळची तिकिटं संपली होती, आम्हाला रात्री साडेदहाचा खेळ मिळाला. हिने त्यात अर्धा तास पेंग काढली. भाचा असता तर म्हणाला असता, मामा, मी सांगत होतो. पण आजकाल पुष्कळ कंपन्या या नोंदण्या निघायच्या आधीच घरबसल्या करू देतात, तेवढं केलं असतं तर हाही तोटा राहिला नसता. आणि एक दुपारचं जेवण बुडालं. ज्याला ते बुडालेलं जेवण रात्रभर टोचत राहील त्याने साडेअकरालाच जावं, उगाच मनाला त्रास नको.

या तीन खेपांत मला उमगलं ते असं, की आपण दोन वेगळ्या गोष्टी एकत्र कालवतो. बंदराच्या गावात वेळेवर पोचणं ही एक, आणि जहाजात शिरणं ही दुसरी. पहिली जितकी लवकर तितकी बरी. दुसरीला घाई नाही. गोव्याच्या खेपेला मी दोन्ही लवकर केल्या, लक्षद्वीपच्या खेपेला दोन्ही उशिरा.

म्हणून पुण्याहून जाणाऱ्याने काय करावं, तर माझ्या मते डेक्कन क्वीन. सव्वासातला पुणे, दहा पंचवीसला छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस. घाटात काही झालंच तरी हाताशी चार तास उरतात. मोटारीचा आणखी एक घोळ असा की ती तीन-चार दिवस ठेवायची कुठे, हे आधी शोधावं लागतं. सोलापूरहून येणारी वंदे भारत पुण्याला नऊच्या पुढे येते आणि साडेबाराच्या सुमारास मुंबईला पोचते, ती झोपेच्या दृष्टीने सोयीची. पण मला घाटातला तो ट्रेलर अजून दिसतो, त्यामुळे माझी गाडी सकाळचीच.

स्टेशनवर सामान क्लोक रूमला टाकायचं आणि हात हलवत बाहेर पडायचं. ग्रीन गेट तिथून टॅक्सीने दहा मिनिटांवर, आणि मध्ये बॅलार्ड इस्टेट. जहाजात वाट बघण्यापेक्षा इथे वाट बघावी. शेजारची गोदी खणताना निघालेल्या मातीने ही जमीन भरली गेली आणि १९०८ ते १९१४ या काळात तिच्यावर या एकसारख्या दगडी इमारती उभ्या राहिल्या. आराखडा जॉर्ज विटेटचा, ज्याने गेटवे ऑफ इंडियाचा केला त्याचाच. रस्ते रुंद, झाडांची सावली भरपूर, आणि सुट्टीच्या दिवशी इतकी शांतता की आपण दक्षिण मुंबईत आहोत हे विसरायला होतं. एके काळी विलायतेला जाणारी माणसं इथल्याच बॅलार्ड पिअरवरून आगबोटीत चढायची. पेशावरकडे जाणारी फ्राँटियर मेल थेट धक्क्यापर्यंत यायची, आगबोटीतून उतरलेल्या साहेबाला चार पावलं जास्त चालावं लागू नये म्हणून.

जेवायला १९२३ पासूनचं ब्रिटानिया आहे, दुपारपुरतंच उघडं असणारं. बेरी पुलाव, वर आंबटगोड लाल इराणी बेरी, शेवटी कॅरॅमल कस्टर्ड. शाकाहाऱ्यांनाही पुलाव मिळतो. बाराच्या आत गेलात तर बसायला जागा मिळेल. इथे दोघांना एकदम जेवता येतं, पायाशी बॅग नसते, आणि कोणी टेबल बळकावत नाही. जहाजावरचं बुडालेलं जेवण यात वसूल झालं असं मी मानतो. खिशातून पैसे गेले, हे खरं आहे.

मग स्टेशनवरून सामान उचलून दोन-सव्वादोनला टर्मिनलवर. सप्टेंबर २०२५ मध्ये तिथल्या नव्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचं उद्घाटन झालं. चेक-इन आणि इमिग्रेशनचे मिळून ७२ काउंटर आहेत, त्यामुळे माझ्या पहिल्या खेपेची उन्हातली रांग आता इतिहासजमा व्हावी. पण काउंटर कितीही झाले तरी चादरी बदलायला लागतो तेवढा वेळ लागणारच. दोरी दोनलाच सुटणार.

काही जणांनी माझं ऐकू नये. लहान मुलं असतील तर पहिली वेळ घ्या, मुलांचे पोहण्याचे कपडे हातातल्या बॅगेत ठेवा आणि एकाने बॅगेपाशी बसायची तयारी ठेवा. तरुण मित्रमंडळी असाल तर सहा जणांत एक जण बॅगेपाशी बसायला मिळतोच, नाहीतर मंडळी बॅगांवरच बसतात. महागडी खोली घेतली असेल तर पुष्कळ ठिकाणी ती लवकर मिळते आणि वेगळी रांगही असते, तेव्हा हा सगळा काथ्याकूट तुम्हाला लागूच नाही. चाकाच्या खुर्चीची मदत लागणार असेल तर मधली वेळ उत्तम, पण कंपनीला फोन करून आधी विचारून ठेवा, कारण मदतनीस मोजकेच असतात. आणि जहाज फार मोठं असेल, चार-पाच हजारांचं, तर भाच्याचं ऐका. तेवढ्या मोठ्या जहाजाचा मला अनुभव नाही.

बाकी आमच्यासारखी दोन माणसं, औषधांची एक बॅग आणि दुपारी पाठ टेकायची सवय असेल, तर अडीचच्या वेळेवर टिचकी मारायला हरकत नसावी. जहाज सुटताना कठड्याशी उभं राहायला साडेअकरावाले आणि अडीचवाले सारखेच येतात. डिसेंबरात तर मुंबईत सहाच्या सुमारास सूर्य बुडतो, म्हणजे साडेपाचला सुटणाऱ्या जहाजावरून तो अगदी वेळेवर दिसतो. तेव्हा डोळे टक्क उघडे असले म्हणजे झालं.

एक राहिलंच. क्लोक रूममध्ये कुलूप नसलेली बॅग घेत नाहीत, आणि आलेल्या गाडीचं तिकीट दाखवावं लागतं. ऐनवेळी स्टेशनबाहेर कुलूप शोधत हिंडण्यापेक्षा दोन लहान कुलपं घरूनच घ्या. किल्ल्या मात्र एकाच्याच खिशात ठेवू नका.